सतरावी कापडी पिशवी

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांसाठी एक खुंटी आहे. गेल्या आठवड्यात ती भाराने निखळून पडली. खाली बसून सगळा पसारा मोजला, तर नुसत्या कापडी पिशव्याच सतरा निघाल्या. त्यातल्या दोन आईने जुन्या पडद्याच्या शिवलेल्या. त्या रोज बाजारात जातात, त्यांचे बंद दोनदा बदलून झालेत. उरलेल्या पंधरांपैकी बहुतेक पर्यावरण जत्रांमध्ये फुकट मिळालेल्या. एका बाजूला दोन तळहातांवर तोललेली पृथ्वी, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा बिल्डरचं किंवा बँकेचं नाव. तीन-चारांची तर घडीही मोडलेली नाही.

ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण यंत्रणेने २०११ साली पिशव्यांचा एक ताळेबंद मांडला होता. पिशवीचा कच्चा माल तयार होण्यापासून ती टाकून देईपर्यंतचा. तापमानवाढीपुरतं बघायचं, तर सुती पिशवी १३१ वेळा वापरली तरच ती एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. तीच प्लास्टिकची पिशवी घरी कचऱ्याच्या डब्यात पुन्हा वापरली गेली, तर सुती पिशवीला ३२७ फेऱ्या माराव्या लागतात. सतरा गुणिले १३१ म्हणजे २,२२७. आम्ही आठवड्यातून तीनदा भाजीला जातो. म्हणजे दर वेळी एक धरली तर चौदा वर्षं झाली, आणि दर हिवाळ्यात एक-दोन नव्या पिशव्या घरात येतात त्या वेगळ्याच. या हिशेबात तुंबलेली गटारं नाहीत, गाईच्या पोटातला प्लास्टिकचा गोळा नाही. त्यामुळे महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये आणलेली प्लास्टिकबंदी चुकीची होती, असं मी मुळीच म्हणत नाही. कापडी पिशवी चांगलीच. सतरावी नाही.

पुण्याच्या उपनगरांत थंडी पडली की शाळांच्या मैदानांवर अशा जत्रा भरतात. कुणी ‘हरित जत्रा’ म्हणतं, कुणी ‘वसुंधरा मेळा’. २ ऑक्टोबर २०२० रोजी राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाल्यापासून गावोगावच्या पालिकांनाही पर्यावरणाच्या कामाचे गुण मिळू लागले, आणि जत्रांना बरे दिवस आले. रविवार असतो. बांबूचे दात घासायचे ब्रश, काथ्याच्या घासण्या, रिठ्याचं पाणी, मेणकापड, स्टीलच्या स्ट्रॉ, सेंद्रिय गूळ, नैसर्गिक रंगांचे कुर्ते. मुलांची चित्रकला स्पर्धा, एक पथनाट्य, ‘सहकुटुंब या’ असा फलक. त्या गर्दीत गेली सहा वर्षं मी कंपोस्टच्या टेबलामागे बसते. तेव्हा पुढे जे म्हणणार आहे त्यात मीही आरोपी आहेच.

माझी तक्रार जत्रेत दुकानं असतात ही नाही. जत्रा म्हटली की खरेदी आली. खंडोबाच्या जत्रेतही बांगड्या आणि रेवड्या असतातच. शिवाय या टेबलांमागे बसणाऱ्या बऱ्याच जणी बचत गटातल्या असतात, आणि वर्षाच्या कमाईतला मोठा भाग त्या अशा दोन-चार रविवारी मिळवतात. तक्रार वेगळी आहे. पर्यावरणाला जपून राहायचं म्हणजे मुख्यतः काम वाढतं. धुणं, वाळवणं, वेगळं ठेवणं, ढवळणं, शिवणं, उचलून नेणं. जत्रेत वस्तू मांडता येते, म्हणून वस्तू दिसते. काम मांडायला टेबल नसतं, त्यामुळे ते कुणी करायचं हा प्रश्नच निघत नाही आणि घरी गेल्यावर ते आपोआप ठरल्या माणसाच्या गळ्यात पडतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पस्तिशीतलं एक जोडपं माझ्या टेबलाशी आलं, सोबत सातेक वर्षांची मुलगी. मी नेहमीचं सांगायला लागले: भोकं पाडलेला डबा, खाली वाळक्या पानांचा थर, वर दिवसभराचा ओला कचरा, त्यावर पुन्हा कोरडा पाला, सुरुवातीला विरजण म्हणून आंबट ताक आणि गुळाचं पाणी. दोन-तीन दिवसांनी तळापासून ढवळायचं. वास आला तर समजायचं पाणी जास्त झालंय, पाला वाढवा. दीड-दोन महिन्यांत खत. नवरा भारावला होता. ‘घेऊनच टाकू, नाही तरी बाल्कनी मोकळीच आहे,’ म्हणाला आणि पाकीट काढलं. बायकोने डब्यात वाकून पाहिलं. तळाशी पांढरट अळ्या वळवळत होत्या. त्या निरुपद्रवी असतात, उलट कचरा भराभर संपवतात. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे पटत नाही. ती सरळ झाली आणि नवऱ्याला म्हणाली, ‘ढवळणार कोण?’

तो हसला. मग मीही हसले, आणि याचीच मला आज लाज वाटते. कारण त्या क्षणी मी घाईघाईने म्हणाले, ‘अहो ताई, रोजची पाचच मिनिटं लागतात.’ म्हणजे उत्तर मीच देऊन टाकलं की ढवळणार तीच.

रोजची पाच मिनिटं ही फसवी गोष्ट आहे. कापडी नॅपी धुवायला पाच मिनिटं, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायला पाच मिनिटं, रिठे उकळायला पाच मिनिटं, डबे घेऊन वाण्याकडे जायला थोडा वेळ. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. आणि हे ९७ सुद्धा जे पुरुष घरात काही करतात त्यांचं. पाहणीच्या दिवशी घरकामाला हात लावलेला पुरुष चारांतला एक होता. जत्रेच्या फलकावर ‘सहकुटुंब’ लिहिलेलं असतं, त्याचा घरी गेल्यावर अर्थ काय होतो तो या आकड्यांत आहे. मिक्सर, गॅस, तयार पीठ यांनी बाईच्या हातातलं जे थोडंसं काम गेलं, ते आपण निसर्गाच्या नावाने परत आणून ठेवतो, आणि तिने तोंड वाकडं केलं तर ‘लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही’ म्हणून हळहळतो.

जिथे बाईचे हात पुरत नाहीत तिथे घरकामाला येणाऱ्या मावशींचे, आणि त्यानंतर दारात कचरा न्यायला येणाऱ्या बाईचे. पुण्यात हे हात निदान संघटित तरी आहेत. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ साली तिच्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था. शहराच्या दोन हजार टनांहून जास्त रोजच्या कचऱ्यातला विकता येण्याजोगा माल या बायका हाताने निवडून पुन्हा कारखान्याच्या वाटेला लावतात. पुण्यातला पुनर्वापराचा सगळ्यात मोठा उद्योग आहे तो. गेल्या वर्षी जत्रेत त्यांच्यातलं कुणी होतं का? होतं. संध्याकाळी सातनंतर, टेबलं उचलल्यावर.

आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना मी एकदा विचारलं, की लोकांना एकच गोष्ट शिकवायची झाली तर काय शिकवाल? मला वाटलं ओलं-सुकं म्हणतील. त्या म्हणाल्या, ‘लाल ठिपका.’ वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल पेनाने ठिपका काढायचा, म्हणजे निवडताना पुडी उघडावी लागत नाही. एवढंच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक पॅडबरोबर टाकून देण्यासाठी वेष्टन द्यायला सांगितलं होतं; वेष्टनं थोडीफार आली, सवय आली नाही. मला सहा वर्षांत एकाही जत्रेत लाल ठिपक्याचं टेबल दिसलं नाही. जुना पेपर आणि लाल पेन. विकायला काहीच नाही ना त्यात. आणि विषयही सेल्फी काढण्यासारखा नाही.

त्याच २०१६ च्या नियमांत आणखी एक कलम होतं, जे आयोजकांपैकी फार थोड्यांनी वाचलेलं असे. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम करायचा असेल, तर स्थानिक संस्थेला तीन कामाचे दिवस आधी कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा होईल हे पाहण्याची जबाबदारी आयोजकाची. आमच्या जत्रेत गेल्या वर्षी तीन रंगांचे डबे होते, वर सुंदर चित्रं. दुपारी चारपर्यंत तिन्ही डब्यांत एकच मिसळ झाली होती: उसाच्या चिपाडाच्या ताटल्या, पाण्याच्या बाटल्या, अर्धी थालीपिठं. डब्यापाशी कुणी उभं नव्हतं. स्वयंसेवक होते, पण ते व्यासपीठाजवळ.

मग जत्रा भरवूच नये का? भरवावी. फक्त तिच्यात विकणाऱ्यांइतकीच करणारी माणसं असावीत, आणि त्यांच्या कामाचे पैसे द्यावेत. सुरुवात दुरुस्तीपासून करावी असं मला वाटतं, कारण दुरुस्ती हे डोळ्यांसमोर करून दाखवता येणारं काम आहे.

लहानपणी आमच्या वाड्याच्या तोंडाशी कल्हईवाला बसायचा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, बाजूला हाताने फिरवायचा भाता. पितळेचं पातेलं आधी घासून चकचकीत करायचा, मग निखाऱ्यांवर तापवायचा. चिमूटभर नवसागर आत टाकला की पांढरा धूर उठे, नाकात झणका बसे. लगेच कथलाची कांडी टेकवायची; ती पाण्यासारखी वितळे आणि तो कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवी. पिवळं पातेलं आतून एका दमात चांदीचं होई. मग पाण्यात बुडवलं की चुर्र आवाज. आम्ही पोरं तासन्‌तास बघत असू. कुठल्याही पथनाट्यापेक्षा रंगणारा खेळ तो, आणि शेवटी आईच्या हातात पुढची काही वर्षं चालेल असं भांडं. कुणी आम्हाला पर्यावरण शिकवत नव्हतं.

असे हात अजून शहरात आहेत. छत्रीवाला, चपला शिवणारा, पिको-फॉल करणारी, सायकलवाला, मिक्सरचा कपलर बदलून देणारा. हा कपलर म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारी रबराची किंवा प्लास्टिकची छोटी चकती. भांड्यात काही अडकलं की मोटर जळू नये म्हणून आधी ती तुटते. किंमत किरकोळ. पण मिक्सर फिरायचा थांबला की ‘गेला’ म्हणून नवा आणणारी घरं मला माहीत आहेत. जत्रेत एका टेबलावर हा कपलर पोरांच्या हातात दिला आणि स्क्रू काढून बदलायला लावला, तर त्यांच्या घरातला एक तरी मिक्सर वाचेल.

ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली ‘रिपेअर कॅफे’ नावाने असाच प्रयोग सुरू झाला आणि जगभर पसरला. बंगळुरूतही २०१५ पासून तो होतो. हौशी जाणकार एकत्र जमतात, लोक मोडलेल्या वस्तू आणतात, दोघे मिळून दुरुस्त करतात, पैसे घेत नाहीत. कल्पना छान आहे. पण ती जशीच्या तशी उचलायला माझा विरोध आहे. युरोपात दुरुस्त करणारे कारागीर महाग झाले, दिसेनासे झाले, म्हणून हौशी लोकांना पुढे यावं लागलं. आपल्याकडे ते कोपऱ्यावर बसलेले आहेत आणि त्यावर त्यांचं पोट आहे. निवृत्त इंजिनिअरने रविवारी फुकट छत्री शिवून दिली, की सोमवारी छत्रीवाल्याच्या ताटातला घास गेला. तेव्हा आपल्या जत्रेत छत्रीवालाच बसला पाहिजे, आणि त्याला दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. निवृत्त इंजिनिअरने त्याच्या शेजारी बसून शिकावं.

दुरुस्ती परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मोबाइलची बॅटरी चिकटवून टाकलेली असते, सुटा भाग मिळत नाही, कंपनीचं सेवा केंद्र दुरुस्तीचा खर्च असा सांगतं की माणूस निमूट नवी वस्तू घेतो. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, पण सुटे भाग द्यायलाच हवेत अशी सक्ती झाल्याशिवाय पोर्टलने फार काही होणार नाही. हे कुटुंबाच्या हातातलं नाही, आणि जत्रेने ते कुटुंबाच्या माथी मारूही नये. पण चप्पल, छत्री, कुकर, सायकल, चेन तुटलेली बॅग, फाटलेली गोधडी यांना कुणाची परवानगी लागत नाही.

परवानगी लागते ती कारागिराला बसायला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात फक्त माल विकणारे नाहीत, रस्त्यावर सेवा देणारेही येतात. चपला शिवणारा आणि किल्ल्या बनवणारा त्यात बसतो. तरीही शहरं सुंदर करायची मोहीम निघाली की पहिल्यांदा उठतो तो हाच. आणि सोसायट्यांचं तर विचारूच नका. कितीतरी गृहसंकुलांच्या फाटकावर पाटी असते: ‘फेरीवाल्यांना सक्त मनाई’. बोहारीण आत येऊ शकत नाही. जुने कपडे घेऊन भांडी देणारी, आणि तो प्रत्येक कपडा झटकून, निवडून, शिवून पुन्हा कुणाच्या तरी अंगावर पोचवणारी बाई फाटकाबाहेर. आत क्लब हाउसमध्ये ‘जुन्या कपड्यांचं काय कराल?’ यावर कार्यशाळा. शुल्क भरून.

मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो, रविवारी आणि बुधवारी. उघडलेले रेडिओ, जुने पाने-पकडी, दुसऱ्या कुणाच्या तरी संसारातले पितळी दिवे, सुट्या बिजागऱ्या, नटबोल्टांचे ढीग. टाकून दिलेल्या वस्तूला पुन्हा गिऱ्हाईक मिळवून देणारं याच्याइतकं मोठं ठिकाण पुण्यात मला तरी माहीत नाही. तिथे पृथ्वीचं चित्र कुठेही नाही.

गेल्या महिन्यात या वर्षीच्या जत्रेची पहिली बैठक झाली. मी माझं टेबल सोडायची तयारी दाखवली आणि बदल्यात मागणी केली: एक रांग दुरुस्तीची, सहा कारागीर, प्रत्येकाला दिवसाची मजुरी. डब्यांपाशी दोन कचरावेचक ताई, मानधनावर, गळ्यात ‘प्रशिक्षक’ असं ओळखपत्र. कंपोस्टच्या टेबलावर फक्त पुरुष स्वयंसेवक, आणि डबा नोंदवताना एक कोरी ओळ: ‘ढवळणार कोण?’ तिथे नाव लिहिल्याशिवाय डबा मिळणार नाही. या शेवटच्या मुद्द्यावर बराच हशा झाला, पण तो मंजूर झाला. लाल ठिपक्याचं टेबलही मान्य झालं, जरा आडबाजूला. पिशव्या वाटायच्या नाहीत, हा ठराव मात्र एका मताच्या फरकाने पडला. प्रायोजकाने आधीच छापून ठेवल्या आहेत, दोन हजार.

छत्रीवाला, सायकलवाला, शिवणारी ताई, मिक्सरवाला यांना होकार मिळाला. चपला शिवणाऱ्या काकांनी फक्त एवढंच विचारलं, की पावती फाडावी लागेल का. कल्हईवाला शोधायला मला तीन आठवडे लागले. ते आता गॅसच्या शेगडीवर काम करतात, पण म्हणाले, मुलं बघणार असतील तर कोळशाची भट्टी लावू, भाता अजून आहे. मी हे पुढच्या बैठकीत मोठ्या उत्साहाने सांगितलं. खजिनदार थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘मॅडम, बाकी सगळं ठीक आहे, पण भट्टी नको. यंदा मैदानभर हिरवळ अंथरतोय आपण. ठिणगी पडली तर वितळेल.’